दाराबाहेर शिकलेला काढा

५ जानेवारी १९९७, रविवार
ट्रॉय, मिशिगन

ही वही आसावरीने ख्रिसमसला दिली. वहीला इवलंसं कुलूप आहे आणि किल्ली लाल दोऱ्यात ओवलेली. "आजी, यू कॅन राइट युअर सीक्रेट्स," म्हणाली. दहा वर्षांच्या नातीला वाटतं, आजीला गुपितं असतात. बासष्टाव्या वर्षी माझ्याकडे लपवण्यासारखे एकच, माझे गुडघे, आणि तेही जिना चढताना सगळ्या घराला ऐकू जातात.

नवीन वही म्हणजे आधी हजेरी. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवल्याची खोड. घरात माणसं पाच. मुलगा श्रीरंग, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, घरी फक्त झोपायला येतो. सून शैलजा, कॉम्प्युटरवर काम करते आणि माझ्याशी इतकं जपून बोलते की जणू मी परीक्षकच आहे. नात आसावरी. मी सुमित्रा. आणि हे.

ह्यांच्या छातीत ऑक्टोबरात पाणी झालं, चार दिवस हॉस्पिटलात काढले. तेव्हापासून तीन गोळ्या चालू आहेत. एक ठोके सांभाळणारी, एक पाणी काढणारी, एक रक्त पातळ ठेवणारी. गोळ्यांनी हृदय सांभाळलं आणि पोटाची वाट लावली. घशापर्यंत जळजळ, करपट ढेकर, दोन घास खाल्ले की ताट बाजूला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं औषध दिलंय, ते ह्यांच्या गळ्याखाली उतरत नाही.

आज जेवल्यावर ह्यांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, रोज जेवणानंतर हे न बघता तळहात पुढे करतात आणि मी त्यावर भाजलेली बडीशेप ठेवते. ती तोंडात टाकून म्हणाले, "तुझ्या नानांचं काही होतं का गं जळजळीवर?"

माझे वडील नाना, कराडचे वैद्य. त्यांच्या दवाखान्याला ह्यांनी जन्मभर 'झाडपाल्याचं दुकान' म्हटलं. हे वीज मंडळातले, तारेत करंट असेल तरच विश्वास. माझ्या बाळंतपणात नानांनी पाठवलेला काढा ह्यांनी माझ्यासमोर मोरीत ओतला होता. आणि आज विचारतात, काही होतं का.

"होतं," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही.

७ जानेवारी, मंगळवार

काढा सुरू केला. धने, बडीशेप, चिमूटभर सुंठ आणि नानांचं मुख्य द्रव्य, ज्येष्ठमध. दोन पेले पाणी आटवून अर्धा पेला. सकाळी आणि संध्याकाळी.

मुख्य द्रव्याचं नाव बाहेर सांगायचं नाही, ही नानांची शिस्त. नाव कळलं की रोगी बाजारातून आणतो आणि मग गरज सरो, वैद्य मरो. ते पुडी द्यायचे, नाव द्यायचे नाहीत. मीही देणार नाही. आसावरी खलबत्त्यापाशी येऊन बसली, तिला एक काडी चघळायला दिली. "सो स्वीट! व्हॉट इज इट, आजी?" म्हणाली. मी म्हटलं, "गंमत."

खलबत्ता कराडहून पेटीतून आणला तेव्हा श्रीरंग हसला होता. आज सकाळी कुटायला बसले तर लाकडी घर सगळं धडधडलं. शैलजा वरून धावत आली. "आई, मिक्सर आहे ना." मिक्सरमध्ये औषध जळतं हे तिला कोण सांगणार?

मला तरी कोणी सांगितलं होतं? नानांनी शिकवलं ते त्र्यंबकला, माझ्या धाकट्या भावाला. सकाळी अंघोळ झाली की त्याला आतल्या खोलीत घेऊन दार लावायचे. मी बाहेर ओसरीवर, खलबत्ता घेऊन. कुटण्यापुरती मुलगी. त्र्यंबक आत पेंगायचा, नाना एकेक गोष्ट दहादा घोकून घ्यायचे, आणि बाहेर माझं पाठ व्हायचं. एकदा त्र्यंबक अडला तेव्हा मी बाहेरून उत्तर दिलं. नानांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात थांबवू नकोस." दार परत लावलं.

आज त्र्यंबकच्या दारावर पाटी आहे. माझ्याकडे खलबत्ता आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

घरी हळदीकुंकू केलं. बाहेर गुडघाभर बर्फ, तरी अकरा जणी आल्या, साडीवर कोट आणि पायांत बूट. तिळगूळ वाटताना शैलजाची मैत्रीण शुभा ह्यांना म्हणाली, "काका, तब्येत छान दिसतेय." त्यावर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या काढ्यानं जळजळ पार गेली बघा."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. पुन्हा म्हणतील याची खात्री नाही.

शुभाने लगेच पकडलं. "सुमित्राकाकू, माझ्या गॅसेसवर द्या ना काहीतरी. ऑफिसमध्ये लंचनंतर इतकं एम्बॅरॅसिंग होतं यार!" तिला ओवा, हिंग, सैंधव देईन. तिला नानांच्या मुख्य द्रव्याची गरज नाही.

सगळ्या गेल्यावर शैलजा भांडी मशीनमध्ये लावता लावता म्हणाली, "आई, बाबांच्या गोळ्या चालू आहेत ना, तर डॉक्टर हॅन्सनना एकदा विचारून घ्यायचं का? जस्ट टु बी सेफ." तिने आवाज शक्य तितका मऊ केला होता, म्हणूनच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार की त्यांच्या गोळ्यांनी पोट का जाळलं." चांगल्या घरची आहे, उलट उत्तर देत नाही. कधीकधी वाटतं, द्यावं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आता फोन येतात. शुभाने कुणाला सांगितलं, तिने आणखी कुणाला. इथल्या मराठी मंडळात मला वैद्यकाकू म्हणायला लागलेत. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन त्यांत चूर्णं भरते आहे. श्रीरंग म्हणतो, "आई, यू आर इन डिमांड!" त्याला गंमत वाटते. मला गंमत वाटत नाही. मला वाटतं, हे चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं, त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला.

ज्येष्ठमधाची पिशवी अर्ध्यावर आली. त्र्यंबकला पत्र टाकलं, कोणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर अर्धा किलो पाठव म्हणून. ह्यांना काढा लागू पडला हे लिहिलं. ह्यांच्या हृदयाचं दुखणं, गोळ्या, सगळं लिहिलं. इथे मला वैद्यकाकू म्हणतात हेही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्या पायांवर थोडी सूज दिसते. मोज्यांचा वण संध्याकाळपर्यंत जात नाही. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून बर्फ बघतात, हिटरची कोरडी हवा, सूज येईल नाही तर काय. पायांना कोमट तेल लावलं. लोणचं बंद केलं.

पोट मात्र उत्तम आहे. भाकरी मागून घेतली. मी काढा दोनाचा तीन वेळा केला, जे लागू पडतंय ते सोडू नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर हॅन्सनकडे नेलं. शैलजाच्या वयाची बाई, केस आखूड, बोलते हळू. रक्तदाब चढलाय म्हणाली, पायांची सूज बोटाने दाबून पाहिली. पाण्याची गोळी वाढवली.

मग तिने विचारलं, आणखी काही औषधं, व्हिटॅमिन, काही घेता का? श्रीरंग म्हणाला, "नो, जस्ट दीज थ्री." हे म्हणाले, "नथिंग." मी बसले होते, पर्स मांडीवर धरून. मला एवढं इंग्रजी कळतं.

इथे खोटं कशाला लिहू? मी बोलणार होते. शब्दसुद्धा जुळवले होते. मग मनात आलं, ही हसेल. मोठ्याने नाही, इथली माणसं मोठ्याने हसत नाहीत, पण ओठाच्या कोपऱ्यात हसेल. तिचं ते हसू हे बघतील आणि संध्याकाळी पेला बाजूला सारतील. बेचाळीस वर्षांनी मागितलेला पेला. म्हणून गप्प बसले. आणि काढा म्हणजे काही गोळी नव्हे, घरातलंच आहे. घरात ते औषध आणि दवाखान्यात ते घरातलंच, हे मलाही दिसतंय, पण असू दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. आज मुरांब्याच्या बरणीचं झाकण उघडेना. मीटरच्या पेट्या पिळून उघडणारा माणूस, शेवटी आसावरीने उघडली. ती "आजोबा, यू आर सो वीक!" म्हणून हसली, हेही हसले. मग बरणीकडे बघत बसले.

म्हातारपण. दुसरं काय. शैलजा म्हणाली, "आई, डॉक्टरांना फोन करते मी." गोळी वाढवल्याने अशक्तपणा आला असेल, असं तिचं मत. म्हणजे शेवटी गोळ्यांचाच दोष, हे तिच्याच तोंडून आलं. मी काढा जरा दाट केला, ताकद यावी म्हणून. ज्येष्ठमध बल्य आहे, नानांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय.

२ मार्च, रविवार

जेवत नाहीत. अन्नाच्या वासाने मळमळतं. काढा तेवढा घेतात, "हा गोड लागतो" म्हणतात. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बर्फ पिवळट का दिसतंय गं?" मी म्हटलं, आठवडाभराचं जुनं बर्फ, त्यावर रस्त्याची घाण आणि मीठ, पिवळं नाही दिसणार तर काय. तर म्हणाले, "भिंतपण."

भिंत पांढरीच आहे. डोळे तपासून घ्यायला हवेत.

५ मार्च, बुधवार

सकाळी चहा घेऊन आले तर हे जिन्याच्या पायथ्याशी पडलेले. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. नाडी धरली. नाना म्हणायचे, नाडी बोलते. एक ठोका, मग काहीच नाही, मग दोन घाईने, मग काहीच नाही. मला काही कळलं नाही. मी नुसती मनगट धरून बसले आणि ओरडायचंही सुचलं नाही. शैलजाने फोन केला, शैलजाने पाठ टेकवून धरलं, शैलजा अँब्युलन्समध्ये चढली. मी दारात चप्पल शोधत होते.

६ मार्च, गुरुवार

हॉस्पिटल. छातीवर वायरी, वर पडद्यावर हिरवी रेघ.

डॉक्टर हॅन्सन म्हणाली, रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय, म्हणून हृदय भरकटलं. सलाइनमधून देताहेत. इतकं खाली का गेलं याचा मात्र तिला उलगडा होत नाही. नुसत्या पाण्याच्या गोळीने एवढं होत नाही म्हणते. पुन्हा तोच प्रश्न, आणखी काही घेत होते का?

कॉरिडॉरमध्ये शैलजाने मला बाजूला घेतलं. "आई, तो काढा मी सांगू का त्यांना? त्यात काय काय असतं?"

मी म्हटलं, "धने, बडीशेप, सुंठ."

तीन बोटं उघडली आणि चौथं दुमडून घेतलं. ती आत जाऊन तेवढंच इंग्रजीत सांगून आली. "डॉक्टर म्हणाल्या, दॅट्स फाइन, त्याने काही होत नाही." किती सुटल्यासारखी म्हणाली. मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

चौथं का नाही सांगितलं? नानांची शिस्त म्हणून. हेच लिहिते.

८ मार्च, शनिवार

शुद्धीवर आहेत. मी काढा घेऊन गेले होते थर्मासमध्ये, नर्सने आत नेऊ दिला नाही. पण ठोके अजून अडखळतात. डॉक्टर म्हणते, यांच्या हृदयाच्या वायरिंगवर आता विसंबून राहता येणार नाही, छातीत एक यंत्र बसवू, बुधवारी. वीज मंडळाच्या माणसाला वायरिंग कळतं. ती गेल्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "फाडणार मला." गेल्या बेचाळीस वर्षांत ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. खांबावर चढलेल्या माणसाला करंट लागला होता तेव्हासुद्धा नाही.

मी म्हटलं, "छोटंसं असतं म्हणे."

"तुला काय माहीत?" म्हणाले.

१० मार्च, सोमवार

त्र्यंबकचं पत्र आलं. हॉस्पिटलमधून आल्यावर टपालाच्या पेटीत सापडलं. पहिलं पान सगळं त्याच्या मणक्याचं. दुसऱ्या पानावर हे, इथे उतरवून ठेवते:

'ज्येष्ठमध पाठवायला हरकत नाही, पण भावजींच्या हृदयाचं लिहिलं आहेस म्हणून नानांची वही काढून पाहिली. त्या काढ्याखाली नानांनी लाल शाईने लिहिलं आहे: पायांवर सूज, छातीत धडधड असणाऱ्यास ज्येष्ठमध देऊ नये. दिल्यास सूज वाढते, बळ जाते. हे तुला ठाऊक असेलच.'

हे तुला ठाऊक असेलच.

मला कुठून ठाऊक असणार रे? मी दाराबाहेर होते. आणि आता आठवतं आहे, अगदी नीट आठवतं आहे. नाना गुण सांगायचे ते मोठ्याने, चालीवर, घोकून घेत. ज्येष्ठमध बल्य, ज्येष्ठमध शीतल, ज्येष्ठमध कंठ्य. मग आवाज खाली यायचा. काहीतरी हलक्या आवाजात सांगायचे, त्र्यंबक 'हो नाना' म्हणायचा. मला वाटायचं, आता धडा संपला. मी जोरात कुटायला लागायचे. औषध कुठे द्यायचं ते मोठ्याने आणि कुठे द्यायचं नाही ते हळू. दारातून माझ्यापर्यंत अर्धंच यायचं आणि त्या अर्ध्यावर मी वैद्य झाले.

सूज. ९ फेब्रुवारी, मीच लिहिलंय. काढा दोनाचा तीन वेळा केला, मीच लिहिलंय. झाकण उघडेना, काढा दाट केला. मागची पानं वाचली. गणिताच्या बाईला एवढी बेरीज करता आली नाही. शाळेतल्या पोरीने अशी वही दाखवली असती तर मी पट्टी मारली असती.

पहिला राग आला तो नानांचा. मग त्र्यंबकचा. तासाभराने कोणी उरलं नाही, फक्त मी उरले आणि दुमडलेलं ते चौथं बोट.

परवा ह्यांना कापणार आहेत. सांगितलं तर कदाचित कापणार नाहीत. एवढं सोपं आहे. न सांगितलं तर यंत्र बसेल, हे बरे होतील, काढा आता देणारच नाही, कुणाला कधी काही कळणार नाही. हेही सोपं आहे. हे दोन्ही मी दुपारभर खाली-वर करत बसले. असा हिशेब करावासा वाटला हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

११ मार्च, मंगळवार

सकाळी शैलजाला स्वयंपाकघरात सांगणार होते, ती डबा भरत होती. गाडीत सांगणार होते, तर बिग बीव्हर रोडवर बर्फ होतं, ती स्टिअरिंगला चिकटून चालवत होती. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं होती. तोंड उघडायचं नसलं की सबबी मिळत जातात.

खोलीत गेलो तर ऑपरेशनचे कागद आले होते. ह्यांच्या हातात पेन. श्रीरंग पान उलटून दाखवत होता, "बाबा, इथे साइन करा." हे नेहमी सही झोकात करतात, 'मोरेश्वर' एका दमात आणि खाली रेघ. आज पेन कागदावर टेकलं आणि 'मो'वरच थांबलं.

मी म्हटलं, "थांबा."

मग डॉक्टरकडे वळून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बोलायचे तसं, उभी राहून बोलले. "डॉक्टर, आय गिव्ह हिम वन मोर थिंग. आय डिड नॉट टेल. आय हिड इट." पर्समध्ये काडी होती, ती ह्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. एवढीशी, पिवळट, सुतासारखे धागे सुटलेली.

डॉक्टरला ओळखेना. तिने औषधं बघणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने काडी मोडली, हुंगली, जिभेला लावली आणि तिच्याशी दोन शब्द बोलला. तिचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं हसेल. हसली नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि विचारलं, किती? दिवसातून कितीदा? कधीपासून? मी सगळं सांगितलं, तारखांसकट. ती लिहून घेत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, थँक यू फॉर टेलिंग मी. आणि तेरा फेब्रुवारीच्या कागदावर बोट ठेवून श्रीरंगला म्हणाली, मी तेव्हा विचारलं होतं.

ऑपरेशन थांबवलं. ही मुळीच पोटॅशियम खाली ओढते, मग ठोक्यांची गोळी विषासारखी उलटते आणि सगळं पिवळं दिसायला लागतं, म्हणाली. ह्या मुळीचा अंमल उतरायला दोन आठवडे लागतील, ठोके आपोआप जागेवर यायची बरीच शक्यता आहे, म्हणाली.

श्रीरंग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शैलजाच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, मी विचारलं होतं ना तुम्हाला," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हो. विचारलं होतंस." तिच्याशी मी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य असेल.

हे छताकडे बघत होते. डॉक्टर गेली, मुलं बाहेर गेली. मी उशाशी उभी. मग बोलले, माझ्याकडे न बघता.

"एकदाच मागितलं होतं तुझ्याकडे."

ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, नानांचं नाव काढलं असतं, तरी मी ऐकून घेतलं असतं.

१६ मार्च, रविवार

काल घरी आले. सूज उतरते आहे.

मी डबे काढले. श्रीरंग म्हणाला, "राहू दे आई, मी करतो," आणि मोठी काळी पिशवी घेऊन आला. ज्येष्ठमधच नाही, सगळंच. ओवा, हिरडा, वावडिंग, सुंठेचे तुकडे. मी म्हटलं, अरे, ओवा स्वयंपाकाचा आहे. म्हणाला, "आई, प्लीज. आय डोन्ट नो व्हॉट इज व्हॉट." खरं आहे. मलाही कुठे माहीत होतं.

खलबत्त्यापाशी आला तेव्हा शैलजाने त्याचा हात धरला. "तो राहू दे." घासून पुसून वरच्या फळीवर ठेवला, शोभेच्या वस्तूंत, पितळी हत्तीशेजारी. तिने तो चांगुलपणाने ठेवला हे मला कळतं. पण तिथे माझा हात पोचत नाही.

शुभाचा फोन आला, तो माझ्यासाठी नव्हता. शैलजा दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलली. "हो गं, फेकून दे. नाही, त्यांना काही बोलू नकोस." तिच्या बरणीत ओवा-हिंगापलीकडे काही नव्हतं. मी सांगायला गेले नाही. माझ्या तोंडून 'यात काही नाही' हे वाक्य आता कोण ऐकणार?

हळू आवाज. पुन्हा दारापलीकडचा हळू आवाज. या खेपेला मात्र मला सगळं ऐकू आलं.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. ठोके सरळ. यंत्राची गरज नाही. पोटासाठी दुसरी गोळी दिली, तिने जळजळ थांबली. एवढी साधी गोळी होती तर जानेवारीत का दिली नाही, असं मनात आलं. मग आठवलं, पांढरं औषध पोटात जात नाही हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. काढा मिळाल्यावर सांगायची गरज काय होती?

त्र्यंबकला उत्तर लिहायला घेतलं होतं. 'मला ठाऊक नव्हतं,' एवढं लिहून कागद बाजूला ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

शैलजाने रजा काढली होती. श्रीखंड-पुरी केली. कडुलिंबाची गोळी करायची राहिली, कोणी विषय काढला नाही, मीही नाही. बर्फ वितळून अंगण दिसायला लागलंय. शुभा नवऱ्याला घेऊन जेवायला आली होती, माझ्या पाया पडली, जरा जास्तच वाकून. ह्यांनी दोन वेळा श्रीखंड घेतलं. शुभाचा नवरा म्हणाला, "काका, एकदम फिट!" हे म्हणाले, "डॉक्टरांची कृपा." खरंच आहे. पुढे काही बोलतील म्हणून मी मान खाली घालून वाढत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी मला एका शब्दाने दुखवलेलं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणीही नाही.

जेवण झालं. ह्यांनी सवयीने हात पुढे केला. महिनाभर केला नव्हता, आज केला. मी बडीशेप आणली, तळहातावर ठेवली. शैलजाच्याच डब्यातली, दुकानातून आणलेली.

हात तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तळहात उघडला, बडीशेपेकडे पाहिलं. मग तो हात तसाच टेबलापलीकडे शैलजासमोर धरला.

"शैलजा, हे चालेल ना गं मला?"

शैलजाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"चालेल, बाबा," ती म्हणाली.

मग त्यांनी ती तोंडात टाकली.